सिंहस्थाआधी सेट-टॉप बॉक्सच्या रेकॉर्डिंगचा प्रश्न सोडवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पंचवटीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पर्वण्यांचं थेट प्रक्षेपण घरोघरी रेकॉर्ड होईल, म्हणून हे आताच लिहितो.

२०१५ च्या पर्वण्यांना बंदोबस्त इतका होता, की आमच्याच भागातल्या कित्येकांनी शाहीस्नान टीव्हीवर पाहिलं. मध्यंतरी एक आजी बॉक्स आणि हार्डडिस्क घेऊन आल्या. १८ सप्टेंबरच्या पर्वणीचं रेकॉर्डिंग त्यात होतं आणि घाटावर स्वयंसेवक म्हणून उभे असलेले त्यांचे यजमान त्यात क्षणभर दिसत. ते आता नाहीत. पॉवर सप्लायचा कंडेन्सर फुगलेला असता तर मी बदलून दिला असता. पण विजेच्या झटक्याने मेन बोर्डच जळला होता. कंपनीने दिलेल्या नव्या बॉक्सला तीच डिस्क लावली, तर पडद्यावर एकच सूचना: डिस्क फॉरमॅट करा. मी केली नाही. आजींनी ती पिशवीत परत नेली.

डिस्क धडधाकट आहे. पण असा बॉक्स रेकॉर्डिंग सांकेतिक रूपात लिहितो आणि ते उलगडण्याची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये असते. बॉक्स गेला की किल्ली गेली. २००३ च्या सिंहस्थाच्या व्हीसीआर कॅसेट लोक अजून माझ्याकडे आणतात. बुरशी पुसली, हेड साफ केलं, की चित्र येतं.

नव्या सोयी चांगल्याच आहेत. मोबाइलवरून रेकॉर्डिंग लावता येतं, मालिकेचे सगळे भाग आपोआप साठतात, एक चॅनेल पाहताना दुसरं रेकॉर्ड होतं. पण ते जपून कसं ठेवायचं, हे विकताना कुणी सांगत नाही. काही बॉक्समध्ये तर रिचार्ज संपला की आधीचं रेकॉर्डिंगही दिसेनासं होतं.

चोरीच्या प्रती बाजारात येऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. हक्कभंगाच्या हेतूने रेकॉर्डिंगवरचं असं सांकेतिक कुलूप तोडलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद २०१२ ची. पण त्याच कायद्याचं कलम ५२ खासगी वापराला जागा देतं. मग घरातल्या माणसाने घरात पाहण्यासाठी ठेवलेल्या रेकॉर्डिंगला वाट नको का? जपानने जुलै २००८ पासून डिजिटल प्रक्षेपणाच्या नऊ प्रती काढायला आणि दहाव्या वेळी मूळ रेकॉर्डिंग दुसरीकडे हलवायला मुभा दिली. तिथल्या वाहिन्या त्यामुळे बुडाल्या नाहीत.

बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेवर चालावा, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार व प्रसारण नियामक संस्थेने एप्रिल २०२० मध्ये केली होती. तिच्या जोडीला आता रेकॉर्डिंगचाही नियम करावा. बॉक्स बिघडून बदलला, तर त्याच ग्राहकाच्या नव्या बॉक्सवर जुनी डिस्क चालू करून देणं कंपनीला बंधनकारक असावं. किल्ली देणं कंपनीच्याच हातात आहे, दुकानदाराच्या नाही. आणि रेकॉर्डिंग दुसरीकडे चालत नसेल, तर खोक्यावर तसं मराठीत ठळक छापावं. पर्वण्या सुरू होण्याआधी एवढं झालं पाहिजे.

आपला,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर, पंचवटी, नाशिक