दहा टक्के म्हणजे मुभा नव्हे

संपादक महोदय,

पीएच.डी. प्रबंधांतील वाङ्मयचौर्याविषयीचे वृत्त वाचले. कडक तपासणीची त्यातील मागणी रास्त आहे. पण दुसऱ्याचे लेखन कसे वापरावे, याची शिकवण पदवीच्या पहिल्या वर्षीच हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. विद्यार्थी त्यातून आकडा खाली आणणे तेवढे शिकतात. ‘वाढ झाली’चे ‘वृद्धी झाली’ होते, वाक्य मूळ लेखकाचेच राहते. इंग्रजी परिच्छेदाचा मराठी अनुवाद तर शब्द जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सहज निसटतो. तीही चोरीच.

चूक बहुधा टिपणवहीत होते. उतरवलेले वाक्य आणि स्वतःचे मत शेजारी शेजारी, अवतरणचिन्हांविना. तीन महिन्यांनी कोणते कोणाचे, हे लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. जसेच्या तसे वाक्य तिथल्या तिथे अवतरणचिन्हांत घालून पुढे पृष्ठक्रमांक टाकावा. सारांश पुस्तक मिटून लिहावा, मग मुळाशी ताडून पाहावा. सारांशालाही संदर्भ द्यावा लागतो, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. आयोगाच्या त्याच नियमावलीने पदवी अभ्यासक्रमात शैक्षणिक सचोटीचा हा विषय अनिवार्य केला आहे. महाविद्यालयांनी वेळापत्रकात त्याला तास द्यावेत.

– एक शोधनिबंध मार्गदर्शक, कोल्हापूर