‘इट’ची जागा दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र मी सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडावं असं मला मनापासून वाटतं.

‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. मग लाइटच्या जागी ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’ असंच का म्हणायचं? ‘टर्न ऑफ इट’ का नाही? आणि ‘लुक ॲट इट’मध्ये तेच ‘इट’ शेवटी कसं चालतं? मी हे वर्गात विचारलं तेव्हा ‘तसा नियम आहे’ एवढं सांगून तुम्हाला पुढे जाता आलं असतं. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि मला कुणालातरी मराठीत दिवा बंद करायला सांगायला लावलंत. ‘दिवा बंद कर,’ मी म्हटलं. ‘त्याने ऐकलं नाही, पुन्हा सांग,’ तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, ‘अरे, बंद कर ना!’ ‘दिवा कुठे गेला?’ तुम्ही विचारलंत.

त्या एका प्रश्नाने माझं काम झालं. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली वस्तू मराठीत आपण सरळ गाळतो. इंग्रजीला सहसा तसं करता येत नाही, क्रियापदाला कर्म द्यावंच लागतं. म्हणून इंग्रजी ही जुनी, म्हणजे आधीच ठाऊक असलेली, गोष्ट एका छोट्याशा, जोर नसलेल्या सर्वनामात गुंडाळते आणि क्रियापदाला लगटून ठेवते. वाक्याचा जोर बहुधा शेवटाकडे पडतो आणि तिथे नवी माहिती शोभते. दिवा जुना, ‘ऑफ’ नवं. तुम्ही आम्हाला ते मोठ्याने म्हणायला लावलंत: ‘टर्न इट ऑफ’, आघात ‘ऑफ’वर. मग ‘लुक ॲट इट’, आघात ‘लुक’वर, ‘ॲट इट’ पुटपुटल्यासारखं. पहिल्यातला ‘ऑफ’ क्रियाविशेषण, स्वतःच्या पायावर उभा. दुसऱ्यातला ‘ॲट’ प्रिपोझिशन, त्याला पुढे नाम किंवा सर्वनाम हवंच. म्हणून ‘लुक इट ॲट’ कोणी म्हणत नाही.

इथे आपल्या शाळेतलं व्याकरण किती उपयोगी पडतं, हे तुमच्याइतक्या प्रेमाने कुणी दाखवलं नव्हतं. ‘तो खाली बसला’ यातलं ‘खाली’ क्रियाविशेषण, ‘झाडाखाली’ यातलं शब्दयोगी अव्यय. शब्द तोच, सोबत नाम आहे की नाही एवढाच फरक. इंग्रजीतले ‘अप’, ‘इन’, ‘ऑफ’, ‘डाउन’ याच जातीचे. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानेही १९२४ साली हेच मांडलं होतं, असं तुम्ही सांगितलंत: काही क्रियापदं कर्म घेतात आणि कर्माशिवायही चालतात, तरी आपण त्यांना क्रियापदच म्हणतो, मग ‘ही वॉज इन’ आणि ‘ही वॉज इन द हाउस’ यांतल्या ‘इन’ला दोन वेगळ्या शब्दजातींत कशाला टाकायचं? परीक्षेत हा प्रश्न कधी येणार नव्हता. तरी तुम्ही त्याला वेळ दिलात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि ती जोडी! ‘ही रॅन अप अ हिल’, ‘ही रॅन अप अ बिल’. एकात माणूस टेकडी चढतो, दुसऱ्यात उधारी चढवतो, आणि कागदावर दोन्ही वाक्यं अगदी सारखी दिसतात. तुम्ही म्हणालात, नाम काढा, ‘इट’ घाला. टेकडी झाली ‘रॅन अप इट’, उधारी झाली ‘रॅन इट अप’. वाक्याच्या पोटात दडलेली रचना एका सर्वनामाने उघडी पडली. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची कसोटी मला व्याकरणात क्वचितच भेटली आहे.

‘पुट अप विथ इट’ने मी गोंधळेन असं तुम्हाला वाटलं होतं, पण तोवर कान तयार झाला होता. ‘अप’ क्रियाविशेषण, ‘विथ’ प्रिपोझिशन, आणि ‘इट’ ‘विथ’च्या पुढे, जिथे असायला हवं तिथेच. प्रिपोझिशनच्या पुढे थेट क्रियाविशेषणही येतं, ‘फ्रॉम हिअर’, ‘सिन्स देन’, ‘अंटिल नाउ’, हे तर आपल्याला परकं वाटायलाच नको: इथून, तेव्हापासून, आतापर्यंत. ‘आय लाइक इट व्हेरी मच’मध्ये ‘व्हेरी मच’ कर्माच्या आधी का घुसत नाही, हेही कर्म क्रियापदाला लगटून असतं हे कळल्यावर वेगळं समजावावं लागलं नाही.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र पुढची. ‘हिअर कम्स द बस’, पण ‘हिअर इट कम्स’. ‘अवे वेंट द चिल्ड्रन’, पण ‘अवे दे वेंट’. इथे सर्वनाम कर्म नाही, कर्ता आहे, आणि तरीही शेवटी जायला तयार नाही. दिव्याच्या वाक्याशी याचा वरवर काही संबंध नाही. पुस्तकांत ही दोन प्रकरणं एकमेकांपासून लांब छापलेली असतात. तुम्ही ती फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलीत आणि काही न बोलता आमच्याकडे बघत उभ्या राहिलात. ठाऊक असलेली गोष्ट शेवटची जागा अडवत नाही, हे आमचं आम्हाला दिसेपर्यंत तुम्ही थांबलात. शिक्षकाने असं थांबणं किती अवघड असतं ते आता मी स्वतः शिकवते तेव्हा कळतं, कारण उत्तर सांगून टाकायचा मोह प्रत्येक तासाला होतो.

बाई, माझ्या वर्गात आता ‘टर्न ऑफ इट’ कानावर आलं की मी लाल शाई वापरत नाही. वाक्य मोठ्याने म्हणायला लावते आणि आघात कुठे पडतोय ते विचारते. मुलं बहुतेक वेळा स्वतःच ‘इट’ उचलून मध्ये ठेवतात. ही पद्धत सगळी तुमची आहे, आणि मुलांनाही मी तसंच सांगते. तुमचे मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी