गारपीट, पोचे आणि आपली पिकअप

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, "गाडीला पोचेच पडलेत ना, मग एवढं काय?" म्हणून फोनवर हसलात. व्हॉट्सॲपच्या फोटोत ते नीट दिसतच नाहीत, म्हणून सविस्तर लिहितेय. शिवाय तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय.

8 मे 2017 च्या दुपारी इथे अमेरिकेत डेन्व्हरच्या पश्चिमेला, माझं ऑफिस आहे त्या लेकवूड भागात, क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या. इथली जमीनच 1600 मीटर उंचीवर, त्यामुळे गारेला खाली येईपर्यंत वितळायला सवडच मिळत नाही. कोलोरॅडो मिल्स नावाच्या मोठ्या मॉलचं छप्पर फुटून आत पाणी भरलं, तो बंदच करावा लागला. विमावाल्यांनी सुरुवातीला नुकसानीचा 1.4 अब्ज डॉलरचा आकडा सांगितला, आणि त्यातला मोठा वाटा उघड्यावर उभ्या गाड्यांचा.

आमच्या गाडीची पुढची काच तडकली, पण जागची हलली नाही. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. मागच्या काचेचे मात्र बारीक खडे होऊन सगळे सीटवर. टप आणि बॉनेट पोच्यांनी भरलेलं.

दुरुस्ती बघायला तुम्ही हवे होतात! आपल्याकडे पोचा आला की ठोकायचा, लांबी (पुट्टी) भरायची, घासायची, रंग मारायचा. इथे रंगाला हातच लावत नाहीत. टपाच्या आतलं अस्तर काढून लांब सळईनं पत्रा आतून जरा जरा दाबत वर आणतात. गाडीवर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा धरलेला असतो. पत्र्यात उमटलेली पट्टी जिथे वाकडी दिसते तिथे पोचा, सरळ झाली की काम झालं. हे कारागीर ऊसतोड टोळ्यांसारखे गारपिटीच्या मागे राज्याराज्यांतून फिरतात. आमच्या वाट्याला आलेला टेक्सासहून आला होता. एकेका पोच्याशी इतका वेळ झगडत होता की मला त्याचं कौतुक वाटलं आणि थोडा कंटाळाही आला.

शेजाऱ्यांचा पिकअप ट्रक 2015 चा, फोर्ड एफ-150. त्याची बॉडी ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम लोखंडी पत्र्यासारखं सहज पूर्ववत होत नाही, त्यामुळे खर्च जास्त. ऑफिसातल्या एकाची जुनी गाडी चालत होती छान, पण दुरुस्ती तिच्या किमतीच्या वर जायला लागली म्हणून विमा कंपनीनं ती टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरली. आम्ही पहिले 500 डॉलर खिशातून भरले, उरलेलं विम्यानं दिलं.

खरं सांगू? चेक हातात आला तेव्हा 2014 चा मार्च आठवला. तेव्हा द्राक्षांचे घड मातीत पडले होते आणि पंचनाम्याला कोण कधी येणार हेसुद्धा कुणी धड सांगत नव्हतं. इथे पत्र्याच्या पोच्यांसाठी माणूस घरी येऊन एकेक मोजून गेला. राग यावा की हसावं, कळेना.

बागेचं माझ्या हातात काही नाही, आपल्या पिकअपचं आहे. दादा म्हणाला, तुम्ही तिचा फक्त थर्ड पार्टी विमा भरता. बाबा, त्यात आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयासुद्धा मिळत नाही. फर्स्ट पार्टी पॉलिसीत गारपीट, वादळ, पूर सगळं येतं. काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापत नाहीत, प्लास्टिक-रबराच्या भागांना निम्मा कापतात, आणि दुरुस्ती आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या विम्यात धरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेली तर टोटल लॉस. मार्चमध्ये बेदाणा भरून ती तासगावच्या रस्त्यावर उघड्यावर उभी असते, आणि गारपीटही त्याच दिवसांत येते. "जुनी गाडी आहे, कशाला?" म्हणू नका. जुनी आहे म्हणूनच आयडीव्ही कमी, म्हणून हप्ताही कमी.

आई, बाबा पॉलिसी कपाटातल्या पिशवीत ठेवून विसरतील, म्हणून तुला सांगते. दादाकडून तिचा फोटो काढून पाठव. मुदत कधी संपते ते बघून बाकीचं मी त्याच्याशी बोलते. हप्ता मी भरेन, यावर वाद नको.

आम्ही सगळे बरे आहोत. बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमची,
मनीषा