वहिवाटीचा रस्ता आणि इंग्रजी उतारा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी तालुका न्यायालयात वकिली करतो आणि दर रविवारी अकरावी-बारावीच्या सात-आठ मुलांना 'क्लॅट'साठी, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेसाठी, शिकवतो. सगळी मुलं मराठी शाळांतून आलेली आहेत, आणि ही परीक्षा फक्त इंग्रजीत होते. त्यांच्यासाठी आपल्याला हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात वर्गात एक तंटा मांडला. एकाने शेजाऱ्याची शेतात जायची वाट नांगरून टाकली. वाट सातबाऱ्यावर नाही, पण तीन पिढ्यांची वहिवाट आहे. नियम सांगितला आणि विचारलं, कोणाचं बरोबर? शेतकऱ्याची एक मुलगी उठली. आधी कोणता पुरावा बघायचा, समोरचा काय म्हणेल, त्याला उत्तर काय, हे तिने ओळीने सांगितलं. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली असे दावे तहसीलदारांपुढे चालतात. तिथे मी नवख्या वकिलांना याहून विस्कळीत बोलताना ऐकलं आहे. पुढच्या रविवारी तिनेच सराव प्रश्नपत्रिका सोडवली, तेव्हा वेळ संपला आणि चाळीसेक प्रश्न कोरे राहिले. जे वाचून झाले होते, त्यातले बहुतेक बरोबर होते.

आडवं आलं ते वाचन. 2019 पर्यंत या परीक्षेत 200 सुटे प्रश्न असत. कायद्यातल्या संज्ञा, सामान्यज्ञान, शब्दार्थ असं बरंचसं पाठ करून जमायचं. ती पद्धत चांगली होती असं मी म्हणणार नाही. पण तालुक्याच्या ग्रंथालयात बसून कष्टाळू मूल निदान तेवढं गाठू शकायचं. 2020 पासून सगळे विभाग उताऱ्यांवर आले आणि डिसेंबर 2023 च्या परीक्षेपासून 120 मिनिटांत 120 प्रश्न आहेत. एकेक उतारा साधारण 450 शब्दांचा, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. कायद्याच्या विभागातही नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो प्रसंगाला लावून दाखवायचा असतो. कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही. हा बदल मला मनापासून पटतो, कारण वकिलीला नेमकं हेच लागतं. फक्त सगळे उतारे इंग्रजीत आहेत. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र कधी आलंच नाही, त्या घरातल्या मुलाला मिनिटाला एक प्रश्न या वेगाने हे जमणं फार अवघड आहे.

विद्यापीठात शिकवणं इंग्रजीतूनच आहे, मग परीक्षा मराठीत कशाला, असं आपल्याला सांगितलं जाईल. वैद्यकीय शिक्षणही बहुतेक इंग्रजीतूनच चालतं, तरी त्याची 'नीट' ही प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. आपल्याच राज्याची विधी सीईटी मराठीतून देता येते. आणि ज्या दिवाणी-फौजदारी न्यायालयांत यातल्या अनेकांना उभं राहायचं आहे, त्यांची भाषा 1998 च्या अधिसूचनेने मराठी आहे. इंग्रजी त्यांना शिकावंच लागेल, ती अभ्यासक्रमाच्या पाच वर्षांत येईलही. पण दारातच अडवलं तर ती पाच वर्षं मिळणार कुठून?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली तिन्ही विधी विद्यापीठं आपल्या विधिमंडळाच्या 2014 च्या कायद्याने उभी राहिली. तिथे महाराष्ट्रातल्या मुलांसाठी जागा राखीव आहेत, पण त्या जागांची वाटही याच परीक्षेतून जाते. ही तिन्ही विद्यापीठं परीक्षा घेणाऱ्या संघाचे सदस्य आहेत. प्रश्नपत्रिका मराठीतही द्यावी, असा लेखी प्रस्ताव त्यांनी संघापुढे ठेवावा, यासाठी आपण शासनातर्फे त्यांना पत्र द्यावं. माझी मुख्य मागणी ही आहे.

त्याला वेळ लागेल, आणि माझ्या वर्गातल्या मुलांकडे तो नाही. परीक्षा डिसेंबरात होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्याही आधी. तयारी अकरावीच्या पहिल्या सत्रातच सुरू व्हायला हवी. कनिष्ठ महाविद्यालयं शालेय शिक्षण विभागाकडे आहेत, याची मला कल्पना आहे. त्या खात्याशी आपणच बोलावं. तोवर निदान सोप्यापासून अवघडापर्यंत लावलेले दोनशे उतारे, शेजारी मराठी अर्थासह, तिन्ही विद्यापीठांकडून तयार करून घ्या आणि मोफत द्या. मी आज वर्तमानपत्रांतून कात्रणं काढून झेरॉक्स वाटतो. त्यातलं मला सोपं वाटलेलं कात्रण मुलांना अवघड जातं, असं अनेकदा झालं आहे. उतारे निवडणं हे जाणकारांचं काम आहे. शिवाय विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्यांत पाठवा. ती परीक्षा नुकतीच दिलेला मुलगा किंवा मुलगी समोर बसून एक उतारा वाचून दाखवेल, कुठे थांबायचं आणि काय सोडून द्यायचं हे सांगेल, तर माझ्या सहा रविवारांचं काम एका दुपारी होईल.

त्या मुलीने यंदा अर्ज भरला आहे. खुल्या प्रवर्गाचं शुल्क 4000 रुपये. तिच्या वडिलांनी ते सोयाबीनच्या पैशांतून भरलं. रोज पहाटे ती एक उतारा घड्याळ लावून वाचते. पहिल्याला अकरा मिनिटं लागली होती, आता सातवर आली आहे. आपल्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.

आपला विश्वासू,
तालुका न्यायालयातील एक वकील