भित्तिचित्रांसमोर प्रेक्षक किती थांबतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशात हुंडा, पाणीटंचाई, व्यसन, मुलींचं शिक्षण अशा विषयांवर भिंती रंगवल्या जातात, हे चांगलंच आहे. पण उद्घाटन झालं की काम संपलं असं धरतात आणि परिणाम पाहायला अभिप्रायवही उघडतात. तीत ‘खूप छान’पलीकडे काही सापडत नाही. सहलीच्या मुलांना तर सर मागे उभे राहूनच लिहायला लावतात. म्हणून जळगाव-धुळ्याच्या संग्रहालयांनी प्रेक्षकांचं शिस्तीनं निरीक्षण करावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

दालनाचा नकाशा कागदावर काढून चित्रांना क्रमांक द्यावेत. आत येणारा दर पाचवा माणूस धरायचा. रस घेताना दिसला म्हणून निवडला तर नोंद फसते. दोन्ही पाय स्थिर आणि नजर चित्रावर, असे किमान ३ सेकंद गेले तरच ‘थांबला’ लिहायचं. बोट दाखवलं, मोठ्यानं वाचलं, कुणाला हाक मारली, याच्या खुणा करायच्या. मोबाइलवर फोटो काढून पुढे जाणाऱ्यांचा रकाना वेगळा. नावं लिहू नयेत आणि निरीक्षण चालू असल्याची पाटी दारात लावावी. बिल्ला लावून चित्राशेजारी मात्र उभं राहू नये, लोक लगेच अवघडतात.

कुणी थांबत नसेल तर दोष विषयाचाच असतो असं नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ आर्थर मेल्टन यांनी १९३५ मध्ये दाखवलं होतं की बहुतेक प्रेक्षक दालनात शिरताच उजवीकडे वळतात. आपल्याकडे ते कुठे वळतात हे आपणच मोजावं आणि मग चित्रांच्या जागा ठरवाव्यात. चकचकीत ऑइलपेंटवर ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो, माणूस बाजूला सरकतो आणि नोंदीत ‘निघून गेला’ असं पडतं. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर असेल तर पाचवीतल्या मुलांना मान वर करावी लागते. सहली जास्त येत असतील तर तो १२० सेंमीवर आणावा.

टँकरपुढच्या हंड्यांचं चित्र असलं की बाया हमखास रेंगाळतात. कुणाची कळशी रिकामी राहिली ते एकमेकींना दाखवतात. आजीला वाचता येत नसेल तर नातू मथळा वाचून अहिराणीत समजावतो. हे बोलणं शब्दशः टिपावं, चित्र काय पोचलं ते तिथंच कळतं. डिस्टेंपरवर बोटांचे डाग पडतात, तेही पुसण्याआधी पाहावेत: हात चित्रातल्या नेमक्या कुणाकडे गेला ते त्यावरून दिसतं.

रुमानियाचे चित्रकार दान पेर्झोव्स्की यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रेक्षकांदेखत भिंतीवर मार्करनं चित्रं काढली होती. आपल्याकडेही चित्रकारानं सुट्टीच्या दिवशी रात्री नव्हे, वर्दळीच्या वेळी काम करावं. मार्गदर्शकानं पहिली दोन मिनिटं गप्प राहावं. आणि नोंदींचे कागद कपाटात न ठेवता पुढची भिंत रंगवणाऱ्याच्या हाती आधी द्यावेत.

आपले,
काही चित्रकला शिक्षक, जळगाव