अर्धे मोजलेले दिवस

प्रिय अन्वय,
अनेक आशीर्वाद.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी तू फोनवर तो कॅनडाच्या नागरिकत्वासाठी दिवस मोजायचा तक्ता दाखवलास, तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. देशाबाहेर कधी गेलो, परत कधी आलो, कुठे गेलो, कशासाठी गेलो. प्रत्येक प्रवासाची एक ओळ. तू भराभर खाली सरकवत होतास आणि मी तारखा वाचत होते. आजी गेली त्या महिन्यात ओळच नव्हती. तू काही बोलला नाहीस, मीही नाही. पण त्या वेळी मी फोनवर तुला जे सुनावलं होतं ते शब्दन् शब्द आठवलं. "तिकिटाला पैसे नसतील तर आम्ही पाठवतो, पण निदान खरं काय ते सांग," असं म्हणाले होते मी.

तू खरंच सांगितलं होतंस. मलाच ते कळलं नव्हतं. तुझ्या वर्क परमिटची मुदत संपली होती, पुढचा अर्ज मुदतीच्या आत गेला होता, आणि निर्णय लागेपर्यंत काम करायची मुभा होती. पण ती देशात थांबलास तरच. एकदा कॅनडाबाहेर पाऊल टाकलं की परत गेल्यावर निकाल येईपर्यंत काम बंद. मला वाटायचं, साहेबाला नीट समजावून सांगितलं तर कोण कशाला अडवेल? समजावून सांगायला समोर माणूसच नसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून या दोन आठवड्यांत मी बसून वाचलं. वही केली आहे. तुझ्या बाबांनी विचारलं, आता या वयात कशाला? मी म्हटलं, मुलाला ओरडायच्या आधी वाचायला हवं होतं, ते आता वाचतेय.

तुझा तिसावा वाढदिवस आठवतो? मी केवढ्या हौसेनं फोन केला आणि तू गप्प गप्प. कामाचा ताण असेल असं मी समजले. एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुण मोजून तिकडे कायम राहायला घेण्याच्या पद्धतीत, एकट्या अर्जदाराला वयाचे गुण 20 ते 29 पर्यंत 110. तीस लागले की 105. पुढे दर वर्षी घसरण, आणि 45 ला शून्य. मी 'शतायुषी हो' म्हणत होते त्या दिवशी तुझे पाच गुण गेले होते. आणि ते तू मला सांगितलंसुद्धा नाहीस.

सगळ्यात जास्त मी अडकले ती अर्ध्या दिवसापाशी. नागरिकत्वाच्या अर्जासाठी आधीच्या पाच वर्षांत 1,095 दिवस प्रत्यक्ष देशात राहिलेलं हवं. पण पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळायच्या आधीचा प्रत्येक दिवस अर्धाच धरायचा, आणि असे अर्धे अर्धे जोडून जास्तीत जास्त 365. मी पुन्हा पुन्हा वाचलं, माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून. चुकत नव्हतं. अंधारात उठून बर्फातून बस गाठणारा तू, खोलीत चौघांबरोबर राहून फी भरणारा तू, पहिल्या पगारापासून कर देणारा तू, आणि तो दिवस अर्धा! कुणाला घरात घ्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मला मान्य आहे. नियम असणारच. पण जो दिवस माणूस पूर्ण जगला आणि ज्याचा कर पूर्ण घेतला, तो अर्धा कसा, हे मला अजून पटलेलं नाही. पटेल असं वाटतही नाही.

इतर देशांचंही वाचलं. ब्रिटनमध्ये नागरिकत्वाचा अर्ज ज्या दिवशी पोचतो त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी माणूस देशात हजर होता का, हे बघतात. त्या एका दिवशी सुट्टीवर असलास तर तारीख पुन्हा निवड. अमेरिकेत ग्रीन कार्डाची रांग जन्म कुठे झाला यावर लांबते, कारण एका देशाला वर्षाच्या कोट्यातला सुमारे सात टक्केच वाटा. रांगेत आईबाप म्हातारे होतात, आणि मुलांना 21 पूर्ण झाली की त्यांचं नाव आईबापांच्या अर्जातून गळू शकतं. जर्मनीनं 2024 मध्ये नागरिकत्वासाठीची आठ वर्षांची अट पाचवर आणली आणि ज्यांची भाषा उत्तम त्यांना तीन वर्षांत वाट दिली. पुढच्याच वर्षी ती तीनवाली वाट बंद. तुमच्याकडेही मार्च 2025 मध्ये नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले. ज्यांनी त्या गुणांवर सगळा हिशेब मांडला होता त्यांची रात्र कशी गेली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. अभ्यास करून पास होता येतं. धावता धावता रेषाच पुढे सरकवली तर काय करायचं?

नागरिकत्वाच्या परीक्षेची मला काळजी नाही. वीस प्रश्न, पंधरा बरोबर हवेत, ते तू करशील.

पासपोर्टाचं मात्र बोलायला हवं. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की इथलं जातं. दोन्ही ठेवता येत नाहीत. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल, येता-जाता येईल, पण मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. बाबांना हे जड जातंय. ते तुला कधीच बोलून दाखवणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. पण निर्णय तुझा. पाच वर्षांहून जास्त काळ तू नियमांच्या बोटाला धरून चाललास, आता आमच्या मनाचा आणखी एक नियम त्यात नको. शपथ घ्यायची ठरवलीस तर त्या दिवशी आम्ही दोघं फोन लावून बसू, कितीही वाजता असली तरी.

आता मुख्य गोष्ट. तू म्हणालास, अजून 112 दिवस कमी आहेत, ते भरले की येतो. मी वहीत हिशेब केला आहे. आता तुझ्याकडे पीआर आहे, ते दिवस वेगळे होते. महिनाभर इकडे आलास तर काही रद्द होत नाही, अर्जाची तारीख तेवढी पुढे जाते. फक्त सुरुवातीचे दिवस पाच वर्षांच्या चौकटीतून बाहेर पडत नाहीत ना, एवढं बघून घे. मी तपासलं, मला तर पडताना दिसत नाहीत. तू एकदा बघ.

आणि ये. तक्त्यात एक ओळ वाढव. कारणाच्या रकान्यात 'आईला भेटायला' असं लिही.

तुझी,
आई