नॅरोबोटच्या देखभालीत राहिलेल्या दोषांबाबत तक्रार

दि. १२ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
दुरुस्ती व देखभाल विभाग

विषय: ५७ फुटी नॅरोबोट (कॅनॉलवरची अरुंद, लांब बोट) 'इंद्रायणी', दि. २८ मार्च २०२५ चे १,७३० पौंडांचे बिल. सदोष काम पुन्हा करून देणे व काही रक्कम परत मिळणे.

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या बिलावर चार कामे आहेत: ब्लॅकिंग (हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या पोलादी अंगाला, डांबर लावणे) आणि नवे अ‍ॅनोड (हलऐवजी झिजणारे धातूचे ठोकळे) १,३८० पौंड, स्टर्न ग्लँडचे पॅकिंग १६५, कूलंट बदलणे १४०, वीड हॅचचे सील ४५. चारही कामांत दोष आहेत. मराठीत लिहा, मला वाचता येते, असे आपणच फोनवर म्हणालात म्हणून हे पत्र मराठीत आहे. कंपनीच्या दप्तरासाठी इंग्रजी प्रत जोडली आहे.

आधी स्टर्न ग्लँड, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट हलमधून बाहेर पडतो तिथला पाणीबंद सांधा, कारण पाणी तिथून येते आहे. तिचे पॅकिंग म्हणजे पाण्याच्या पंपाला शेतकरी भरतो तीच ग्लँड दोरी. फरक इतकाच, की पंपाची दोरी गेली तर पाणी वाफ्यात जाते आणि हिची गेली तर इंजिनाच्या खोलीत.

बोट ताब्यात आल्यावर आठवड्याभराने, इंजिन बंद असताना, ग्लँडमधून मिनिटाला २० थेंब पडत होते. वीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड लिटर. बोट पंधरा दिवस नुसती उभी राहिली तरी वीस-बावीस लिटर पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी. इंजिन १,४०० आरपीएमवर आणि गिअर पुढे असताना दहा मिनिटांत मोजपात्रात अर्धा लिटर जमला. नीट भरलेल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला एखाद-दुसरा थेंब यावा आणि संध्याकाळी इंजिन बंद करून ग्रीझर (ग्लँडमध्ये ग्रीस ढकलणारा स्क्रू) फिरवला की तोही थांबावा.

९ एप्रिलच्या ईमेलला आपल्याकडून उत्तर आले: सगळ्याच नॅरोबोटी थोड्या गळतात, नवे पॅकिंग बसायला वेळ लागतो, तोवर ग्रीझर जास्त फिरवा. फिरवला. पूर्वी अख्खा हंगाम पुरणारा अर्ध्या किलोचा ग्रीसचा डबा तीन आठवड्यांत संपला. ते सगळे ग्रीस ग्लँडमधून बाहेर पडून खालच्या ट्रेमध्ये साचले होते.

३ मे रोजी ग्लँड उघडली. प्रत्येक पायरीचे फोटो जोडले आहेत. टोपी दाबून धरणारे दोन नट सारखे आवळलेले नव्हते: डाव्या नटापुढे ८ मिमी आटे दिसत होते, उजव्या नटापुढे ५ मिमी. म्हणजे टोपी तिरकी बसली होती आणि एका कडेने शाफ्टला घासत होती. काळ्या ग्रीसमध्ये बारीक, सोन्यासारखा चमकणारा कीस दिसला. तो टोपीच्या पितळेचा आहे. बोटावर घेऊन उन्हात काढलेला फोटो क्र. ६ पाहावा.

आता आतले. बिलावर "पॅकिंग पूर्ण बदलले, ४ कडी" असे लिहिले आहे. प्रत्यक्षात बाहेरचे एकच कडे नवे निघाले. त्याच्या आतली तीन जुनी, ग्रॅफाइट उडून लाकडासारखी कडक झालेली. ती हुकाने तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली. जे एक नवे होते तेही ६ मिमीचे, आणि आमच्या ग्लँडची जागा आहे ८ मिमीची: पोकळीचा व्यास ५४, शाफ्टचा ३८, फरकाचा निम्मा आठ. लहान दोरी मोठ्या जागेत बसवून नट आवळले की ती एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूने पाण्याला वाट मिळते. मग गळते म्हणून आणखी आवळायचे आणि आतली कडक कडी शाफ्टवर आणखी घासायची, हेच इथे चालू होते. अर्धा तास बोट चालवली की टोपीला हात लावता येत नव्हता. ती हाताला फार तर कोमट लागायला हवी.

आम्ही ८ मिमीची दोरी शाफ्टच्याच व्यासाच्या नळीवर गुंडाळून चार कडी तिरकी कापली. एकेक कडे आत सारताना आधीच्या कड्याचा सांधा आणि पुढच्याचा सांधा एका रेषेत येणार नाही असे फिरवून घेतले. नट आधी हाताने आवळले, मग पंधरा मिनिटे शाफ्ट फिरवून दोन्ही बाजूंना पान्याने सहावा हिस्सा वळसा, पुन्हा पंधरा मिनिटे, पुन्हा तेवढाच. बोट पाण्यात असताना हे करायचे म्हणजे सर्वात आतले कडे काढताना पाणी धारेने येते. त्यामुळे ग्रीस लावलेली चिंधी आणि चालू पंप हाताशी ठेवूनच हात घालावा लागतो. कोरड्या गोदीत हेच काम तासाभराचे आहे.

दोरी काढल्यावर शाफ्टवर एक चर दिसली. नख अडकते. मायक्रोमीटरवर तिथला व्यास ३७.८ मिमी भरला, शेजारी ३८.१. ही चर सहा आठवड्यांत पडली असा आमचा दावा नाही, ती जुनी असणार. पण बिलावर लिहिल्याप्रमाणे चारही कडी काढली असती तर ती मार्चमध्येच दिसली असती, आणि तेव्हा बोट आपल्याच गोदीत पाण्याबाहेर होती. शाफ्ट काढून बदलायची ती वेळ होती. आता तेवढ्यासाठी बोट पुन्हा पाण्याबाहेर घ्यावी लागेल. आमच्या तक्रारीतला हा सर्वात मोठा मुद्दा आहे, ४५ किंवा १४० पौंडांचा नव्हे.

ग्लँड इतक्या लवकर पुन्हा गळायला लागली याचे दुसरे कारण इंजिनाची सरळ रेष. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून चार ठिकाणी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला: वर ०.१०, खाली ०.४५, डावीकडे ०.२५, उजवीकडे ०.३० मिमी. कपलिंग चार इंची आहे. दर इंचाला हजारांश इंच हा नेहमीचा हिशेब धरला तर ०.१० मिमीपर्यंत फरक चालतो. इथे वर-खाली ०.३५ आहे. फट खालच्या बाजूला उघडते, म्हणजे इंजिनाचे मागचे पाय खाली बसले आहेत, पायांमधले अंतर पाहता सुमारे अडीच मिलिमीटर. मागच्या उजव्या पायाचे रबर डिझेल झिरपून फुगले आहे, ते फोटोतही दिसते. यात आपला दोष नाही. पण तिरक्या शाफ्टवर नवे पॅकिंग भरणे म्हणजे ते झिजायलाच भरणे, आणि पॅकिंगचे पैसे घेणाऱ्याने निदान फीलर गेज घालून तसे सांगायला हवे होते.

कूलंटचे काम तर बिल वाचूनच कळते. आमच्या इंजिनाचे पाणी कॅनॉलमधून येत नाही. ते हलच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेल्या चपट्या स्किन टँकमधून फिरते आणि बाहेरच्या पाण्यामुळे थंड होते. ही सगळी व्यवस्था मिळून साधारण २८ लिटरची आहे. बिलावर लिहिले आहे: "जुने कूलंट काढून साध्या पाण्याने धुतले, ५०:५० मिश्रण १२ लिटर भरले." मग उरलेले सोळा लिटर कुठे आहेत? इंजिनाचा नळ उघडला की इंजिनातले पाणी जाते, स्किन टँकमधले जात नाही, कारण तिचा खालचा प्लग वेगळा आहे आणि त्यावरचा रंग आजही अखंड आहे. धुण्याचे साधे पाणी टँकमध्येच राहिले आणि त्यात आपले १२ लिटर मिसळले. रिफ्रॅक्टोमीटरवर गोठणबिंदू उणे १२ आला. ५०:५० असते तर उणे ३५ च्या आसपास आला असता. उणे १२ म्हणजे मिश्रणात ग्लायकॉल पाव हिस्साच आहे. इंग्लंडमधल्या हिवाळ्यात एखाद वेळी त्यावरही निभावेल, पण ग्लायकॉलबरोबर गंजरोधकही निम्मा झाला आहे आणि स्किन टँक साध्या पोलादाची आहे.

बाकी जागेत हवा होती. १,२०० आरपीएमवर तापमान ८२ अंशांवर स्थिर राहायचे, पण १,८०० वर वीस मिनिटांत ९६ च्या वर जायचे. टँकच्या खालच्या भागाला हात लावला तर गरम, वरचा तिसरा हिस्सा थंड. तिथे पाणी पोचतच नव्हते. वरचा ब्लीड स्क्रू अर्धा वळसा सोडल्यावर पाऊण मिनिट नुसती हवा फुसफुसत राहिली आणि मग कूलंट आले. साडेतीन लिटर भरावे लागले. त्यानंतर पारा ८४ च्या वर गेलेला नाही.

२५ एप्रिलच्या आपल्या उत्तरात "स्किन टँक इंजिनाच्या मानाने लहान आहे, मोठी बसवून घ्या" असा सल्ला आणि सोबत कोटेशन होते. टँक १० चौरस फुटांची आहे. चार अश्वशक्तीला एक चौरस फूट या सर्वमान्य ठोकताळ्याने आमच्या ३८ अश्वशक्तीच्या इंजिनाला साडेनऊ पुरतात. एका ब्लीड स्क्रूने सुटणाऱ्या गोष्टीसाठी हल कापून नवी टँक बसवायचे कोटेशन कोणी दिले, हे आपण आपल्या पातळीवर पाहावे.

वीड हॅचबद्दल थोडक्यात, पण हे सर्वात धोक्याचे आहे. पंख्याला गुंडाळलेला पाला, दोऱ्या, प्लास्टिक काढायचे हे झाकण नीट बंद नसेल आणि इंजिन जोरात फिरवले, तर पंखाच पाणी आत फेकतो. कित्येक नॅरोबोटी अशाच बुडाल्या आहेत. आपण बसवलेले सील खिडकीच्या फटीला लावतात तशा पोकळ स्पंजचे होते, पाणी शोषणारे, आणि मागच्या कोपऱ्यात त्याच्या दोन टोकांमध्ये बोटभर फट. रिव्हर्समध्ये जोर दिला की त्या कोपऱ्यातून पाणी उडत होते. आम्ही १० मिमीचे बंद छिद्रांचे निओप्रीन अखंड लावले आहे, ते गळत नाही. हे पाणी आणि ग्लँडचे पाणी स्वयंचलित पंप गुपचूप बाहेर टाकत राहिला म्हणून बोट तरंगत होती. बॅटरी उतरली असती तर काय झाले असते ते वेगळे सांगायला नको. शिवाय ग्रीस-तेल मिसळलेले बिल्जचे पाणी कॅनॉलमध्ये सोडणे हा गुन्हा आहे. आम्ही पंपाचा स्विच बंद करून ते डब्यात काढले आहे.

उरले ब्लॅकिंग. इथला पुरावा आपल्याच वर्कशॉपने पाठवलेल्या फोटोंमध्ये आहे. २४ मार्चला सकाळी ९:४० च्या फोटोत हल प्रेशर वॉशरने धुतला जातो आहे. त्याच दिवशी दुपारी १:१५ च्या फोटोत डांबराचा पहिला हात सुरू आहे आणि रबिंग स्ट्रेकच्या (हलच्या बाजूने जाणाऱ्या पोलादी पट्टीच्या) खालच्या सांध्यात पाण्याचे थेंब स्पष्ट दिसतात. पोलाद कोरडे हवे, आणि त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त हवे. मार्चमधल्या ओल्या दिवशी साडेतीन तासांत तसे होत नाही. परिणाम आजच दिसतो आहे: पाण्याच्या रेषेवर डाव्या बाजूला तळहाताएवढे पापुद्रे सुटले आहेत आणि त्यांच्याखाली नारिंगी, ओला गंज आहे. दोन-तीन वर्षे टिकायला हवे ते सहा आठवड्यांत निघाले. पाण्याखाली काय स्थिती आहे ते बोट बाहेर काढल्यावर कळेल.

२७ मार्चच्या फोटोंत चारही नवे अ‍ॅनोड काळेभोर, चकचकीत आहेत. त्यांच्यावरही डांबर मारले आहे. अ‍ॅनोडचा धातू उघडा पाण्याला लागला तरच तो हलऐवजी स्वतः झिजतो. डांबराखाली तो वेल्ड केलेला निरुपयोगी ठोकळा आहे, आणि आमची बोट धक्क्यावरच्या विजेला जोडलेली असते. त्या जोडणीतून येणारा, हल झिजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे, तरीही अ‍ॅनोडशिवाय हल ठेवणे आम्हाला मान्य नाही. अ‍ॅनोड कोणत्या धातूचे आहेत हे बिलावर लिहिलेले नाही, ते लेखी कळवावे. कॅनॉलच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात. जस्ताचे समुद्रासाठी असतात, गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर धरतो आणि ते काम थांबवतात. जस्ताचे निघाले तर डांबर खरवडून भागणार नाही, बदलावेच लागतील.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम ४९ नुसार सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने देणे आपणावर बंधनकारक आहे. कलम ५५ नुसार काम पुन्हा करून मागण्याचा आणि कलम ५६ नुसार किमतीत कपात मागण्याचा आमचा हक्क आहे. त्याप्रमाणे:

बोट आपल्या खर्चाने पुन्हा गोदीत घेऊन हल पूर्ण कोरडा झाल्यावर ब्लॅकिंग पुन्हा करावे, अ‍ॅनोड उघडे करावेत किंवा बदलावेत, आणि डांबराच्या प्रत्येक हाताआधी तारीख-वेळेसह फोटो द्यावेत.

त्याच वेळी शाफ्ट काढून आम्ही नेमलेल्या स्वतंत्र सर्व्हेअरला दाखवावा. बदलावा लागला तर शाफ्टची किंमत आमची, काढण्या-बसवण्याची मजुरी आणि गोदीचे भाडे आपले. इंजिनाचे पाय आम्ही स्वतंत्रपणे बदलून घेत आहोत. बोट पाण्यात परतल्यावर रेष पुन्हा तपासून चारही आकडे लेखी द्यावेत.

स्टर्न ग्लँड, कूलंट आणि वीड हॅच या तीन कामांचे ३५० पौंड परत करावेत. ही कामे आम्ही स्वतः पुरी केली आहेत आणि आपल्या माणसाने त्यांना पुन्हा हात लावावा अशी आमची इच्छा नाही. स्किन टँक खालच्या प्लगने रिकामी करून पूर्ण ५०:५० मिश्रण आम्हीच भरू.

गोदीची तारीख आणि परताव्याबद्दल लेखी उत्तर २६ मेपर्यंत द्यावे. न आल्यास सर्व्हेअरचा अहवाल घेऊन स्मॉल क्लेम्सचा (छोट्या रकमांसाठीचा) न्यायालयीन दावा दाखल करू आणि त्याचा खर्चही मागू. काढलेली जुनी तीन कडी आणि आपले एक नवे, पितळेच्या किसासकट, पाकिटात सीलबंद ठेवली आहेत. पाहायची असल्यास बोटीवर येऊन पाहता येतील.

कळावे,

'इंद्रायणी'चे तिन्ही सहमालक

सोबत: बिलाची प्रत, आपल्या वर्कशॉपचे ७ आणि आमचे १९ फोटो, मापांचा तक्ता, दोन्ही ईमेलची उत्तरे, या पत्राची इंग्रजी प्रत